आखूड एरियल आणि तिची कॉइल

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचे एक पथक अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. तेथून जगभरच्या हौशी मंडळींशी, म्हणजे ‘हॅम’ लोकांशी बोलायचे, असा बेत होता. २६ तारखेला सकाळी भूकंप झाला, त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले आणि याच पथकाच्या संचांवरून मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण सुरू झाली. अशा वेळी प्रेषकातून निघालेल्या प्रत्येक वॅटला किंमत असते. तो एरियलमधून बाहेर पडला की वाटेतच उष्णता होऊन नाहीसा झाला, हा प्रश्न मग केवळ पुस्तकातला राहत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ७.१ मेगॅहर्ट्झ ही हॅम मंडळींच्या नेहमीच्या वापरातली कंप्रता घ्या. ३०० ला ७.१ ने भागा. तरंगलांबी सुमारे ४२ मीटर आली. जमिनीवर उभी करायची एरियल तिच्या पाव लांबीची, म्हणजे साडेदहा मीटर उंच असावी लागते. तीनमजली घराएवढा नळ गच्चीवर कोण उभारू देणार? म्हणून अडीच मीटरच्या नळीवर भागवायचे ठरते, आणि अडचणींना सुरुवात होते.

पाव तरंगलांबीची एरियल अनुनादात असते. योग्य वेळी ढकललेल्या झोक्याप्रमाणे ती प्रवाह सहज घेते. आखूड एरियल मात्र संधारित्रासारखी वागते. अशा नळीची धारिता ढोबळमानाने दर मीटरला १० पिकोफॅरड धरतात. म्हणजे आपल्या नळीची झाली २५. ७.१ मेगॅहर्ट्झला एवढ्या धारितेचा अडसर सुमारे ९०० ओहम भरतो. प्रवाह आत शिरणार कसा? संधारित्रात प्रवाह दाबाच्या पुढे धावतो, तर कॉइलमध्ये मागे रेंगाळतो. दोघांचे अडसर सारखे केले की ते एकमेकांना खोडून काढतात. ९०० ओहमसाठी २० मायक्रोहेन्रीची कॉइल लागते. हीच लोडिंग कॉइल.

ही युक्ती जुनी आहे. स्वीडनमधील ग्रिमेटन येथे १९२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राची कंप्रता १७.२ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी १७ किलोमीटरच्या वर. पाव लांबीसाठी मनोरा चार किलोमीटरांहून उंच हवा! प्रत्यक्षात तेथे १२७ मीटरचे सहा मनोरे आहेत. त्यांवरून खाली येणाऱ्या उभ्या तारांच्या तळाशी मोठमोठ्या कॉइली बसवल्या आहेत. त्यांच्यापुढे आपली अडीच मीटरची नळी तरंगलांबीच्या मानाने पुष्कळच उंच म्हणायची.

कॉइल घातली की झाले, असे मात्र नाही. मी पहिली कॉइल गुंडाळली ती पुठ्ठ्याच्या नळीवर, घरात सापडलेल्या बारीक तारेने, वेढ्याला वेढा चिकटवून. दिसायला सुबक! जुळणीही झाली. तासभराने हात लावून पाहिला तर कॉइल चांगलीच तापलेली, आणि माझे बोलणे पलीकडे कोणाच्याच कानी पडलेले नव्हते.

हिशेब केला असता तर ते आधीच कळले असते. एरियल जी शक्ती प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकते, ती एका काल्पनिक रोधात खर्च होते असे मानतात. त्याला प्रारणरोध म्हणतात. आपल्या नळीचा प्रारणरोध अवघा १.४ ओहम आहे. कॉइलचा अडसर भागिले तिचा रोध, या गुणोत्तराला क्यू म्हणतात. क्यू १०० असेल तर कॉइलचा रोध ९ ओहम होतो. जमिनीतला रोध १० ओहम धरू. एकूण २०.४ ओहम. प्रेषकाने १०० वॅट दिले तर ४४ वॅट कॉइल तापवण्यात, ४९ जमिनीत, आणि आकाशात जातात फक्त ७! क्यू ३०० केला तर कॉइलचा रोध ३ ओहमवर येतो आणि बाहेर जवळजवळ १० वॅट पडतात. आता मुख्य चोर कॉइल नसून जमीन आहे, हेही ध्यानात घ्या. एरियलच्या तळापासून चहूकडे पुष्कळ तारा पसरल्या तर तोही आटोक्यात येतो.

कॉइलला हा रोध येतो कोठून? पाच मीटर जाड तांब्याच्या तारेचा रोध मल्टिमीटरवर जवळजवळ शून्य दिसतो. पण इतक्या जलद बदलणारा प्रवाह तारेच्या पोटातून जात नाही. ७ मेगॅहर्ट्झला तो पृष्ठभागाच्या सुमारे ०.०२५ मिलिमीटर जाडीच्या सालीतच राहतो. सोळा गेजच्या तारेचा रोध एवढ्यानेच सोळापट होतो. शिवाय वेढे चिकटून असले तर शेजाऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाह त्या सालीच्याही एका बाजूला ढकलला जातो. मेडहर्स्ट यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून दिसले, की वेढ्यांत योग्य अंतर ठेवल्यास नुकसान कमी होते. साधारण तारेच्या जाडीएवढी फट ठेवावी, हा सोपा नियम पुरेसा आहे. फार बारीक आणि लांबलचक, किंवा फार पसरट आणि बुटकी कॉइल नको. लांबी व्यासाच्या दीडपट ठेवली की काम भागते.

वेढे किती? व्हीलर यांचे १९२८ चे सूत्र सेंटिमीटरमध्ये असे लिहिता येते:

प्र = (व × व × न × न) ÷ (४६ × व + १०२ × ल)

येथे प्र म्हणजे मायक्रोहेन्री, व व्यास, ल लांबी आणि न वेढे. व्यास ६, लांबी ९ घ्या. २० मायक्रोहेन्रीसाठी २६ वेढे येतात. दोन वेढ्यांच्या मध्यांतील अंतर साडेतीन मिलिमीटर आणि सोळा गेजची तार १.६ मिलिमीटर जाड. म्हणजे आपला नियमही पाळला गेला.

गुंडाळण्यापूर्वी एनॅमल्ड तारेचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरे टोक पक्कडीत धरून जोरात ताणा. तार सरळ होते. मग तारेच्या जोडीने तितक्याच जाडीची नायलॉनची दोरी गुंडाळत जा. टोके पक्की केल्यावर दोरी उलगडून काढा, फटी सारख्या राहतात. नळी ॲक्रिलिकची उत्तम. पांढरी पीव्हीसी लहान शक्तीला चालते, पण काळी नको. तिच्या रंगात काजळी असू शकते. कॉइलच्या तोंडाशी पत्र्याचे झाकण बसवू नका. त्यात प्रवाह फिरतात आणि कमावलेला क्यू हातचा जातो.

कॉइल तळाशी न बसवता नळीच्या मध्यावर बसवली तर? कॉइलच्या खालच्या भागात प्रवाह जवळजवळ पुरता राहतो, म्हणून प्रारणरोध ३ ओहमच्या आसपास जातो. मात्र वर उरलेल्या नळीची धारिता निम्मी, म्हणून कॉइल दुप्पट, सुमारे ४० मायक्रोहेन्रीची लागते आणि तिचा रोधही वाढतो. तरीही क्यू ३०० ठेवल्यास १०० पैकी १६ वॅट बाहेर पडतात. टोकावर सायकलचे चार स्पोक फुलीसारखे लावले तर धारिता वाढते, कॉइलचे काही वेढे कमी करता येतात.

प्रेषण करण्यासाठी परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. ती शाळकरी मुलांनाही देता येते. तोपर्यंत हीच कॉइल ग्राही संचाला जोडून पाहा. वेढे थोडे दाबले किंवा ताणले की एका जागी खरखर आणि आवाज दोन्ही एकदम वाढतात. परवाना मिळाल्यावर मात्र प्रेषण चालू असताना कॉइलला हात लावायचा नाही. १०० वॅटला वरच्या उदाहरणात अडीच अँपिअरहून जास्त प्रवाह वाहतो, आणि तो ९०० ओहमने गुणला की कॉइलवर दोन हजारांहून अधिक व्होल्ट येतात.

पावसाळ्यात वेढ्यांमधल्या फटींत पाणी धरते, धारिता वाढते आणि जुळणी सरकते. कॉइलवर प्लॅस्टिकची बरणी उपडी घाला, पण बरणी वेढ्यांना टेकू देऊ नका, आणि आत साचणारी दमट हवा निघून जायला खालचे तोंड उघडे ठेवा.