जुन्या संगणकाला प्रिंटर जोडताना

2002 साली गोवा सरकारने विद्यार्थ्यांना संगणक देणारी सायबरएज योजना सुरू केली आणि पेडणे, डिचोलीच्या कितीतरी घरांत अकरावीच्या मुलांमुळे पहिला संगणक आला. त्या काळचा एखादा संगणक अजून सुरू असेल, तर पणजीच्या दुकानात प्रिंटर मागताना 'याला काही जोडता येणार नाही' हे उत्तर लगेच मान्य करू नका.

'नव्या प्रिंटरची वायर जुन्या यूएसबीला चालत नाही' हा पहिला गैरसमज. यूएसबी 2.0 चा प्रिंटर आधीच्या 1.1 च्या खाचेतही चालतो, फक्त छपाई रेंगाळते.

'वायर बसली की झालं' हा त्याहून महागात पडणारा गैरसमज. खरी अडचण असते ती ड्रायव्हरची, म्हणजे संगणकाचं म्हणणं प्रिंटरला समजेल अशा रूपात नेणाऱ्या प्रोग्रामची. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी थांबवला. त्यानंतरच्या बहुतेक प्रिंटरसाठी एक्सपीचा ड्रायव्हर निघालाच नाही. शिवाय 32 बिटचा ड्रायव्हर 64 बिटच्या विंडोजवर बसत नाही. कॅनन एलबीपी 2900 सारखे प्रिंटर पानाची बरीचशी जुळणी संगणकाकडूनच करून घेतात, त्यामुळे त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर ते मुकेच. उलट पीसीएल ही छपाईची भाषा समजणारा प्रिंटर त्याच घराण्यातल्या जुन्या मॉडेलच्या ड्रायव्हरवरही बहुधा काम भागवतो. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या विंडोजचं नाव आहे का, ते स्वतः पाहा. नसेल तर लिनक्स घालून पाहावं; माझ्या मते संगणक भंगारात देण्याआधी हा प्रयत्न करायलाच हवा.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांना 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' हा ड्रायव्हर सुचवला जातो. इंग्रजी पावतीला तो पुरतो. मराठी अर्जाला मात्र नाही, कारण तो प्रिंटरच्या पोटातल्या अक्षरांवर चालतो आणि त्यांत सहसा देवनागरी नसते. त्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर घातला, की पान चित्रासारखं ठिपक्याठिपक्यांनी उमटतं आणि जोडाक्षरंही नीट येतात.

संगणकाला वाय-फाय नाही म्हणून वाय-फायचा प्रिंटर बाद होत नाही. प्रिंटर राउटरला वाय-फायने आणि संगणक त्याच राउटरला लॅन वायरने जोडा. ड्रायव्हरची अट इथेही सुटत नाही.

'वीज जाते, म्हणून प्रिंटरही यूपीएसवर ठेवा' हा सल्ला लेझर प्रिंटरला लावू नका. टोनरची पूड कागदावर पक्की करणारा त्याचा तापता रूळ क्षणभर शेकडो वॅट ओढतो. घरगुती छोटा यूपीएस त्याने बंद पडू शकतो. लेझर प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा.

आणि जुलैत कागद अडकू लागला, तर प्रिंटर उघडण्याआधी ट्रेमधला ओलसर गठ्ठा काढून बंद पुडक्यातला कोरडा कागद घाला.