हिरवा चहा कडू का लागतो?

मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेल्या वजनासाठी डॉक्टरांकडे येणाऱ्या अनेकांच्या दिनक्रमात हल्ली सकाळचा एक कप ग्रीन टी असतो. किती घेतो, कधी घेतो हे ते उत्साहाने सांगतात. आवडतो का, असे विचारले की मात्र तोंड वाकडे होते. ‘कडूच असतो, पण औषध म्हणून घ्यायचा,’ हे ठरलेले उत्तर. नाक दाबून एरंडेल घ्यावे तसा तो घेतला जातो, आणि जे कडू ते गुणकारी हा आपल्याकडचा जुना समज त्याच्या पाठीशी उभा असतोच. चीन, जपान आणि तैवानमध्ये हाच चहा कोट्यवधी लोक चवीसाठी पितात. तो फार कडू झाला, तर करणाऱ्याचा हात चुकला असे तिथे मानतात. आपली जीभ त्यांच्याहून वेगळी नाही. पाणी किती गरम, पत्ती कशी आणि ती किती वेळ पाण्यात राहिली, यातच सारा फरक आहे.

आपल्या घरात चहा म्हणजे आधण. पाणी खळखळ उकळायचे, त्यात आले, साखर, मग भुकटी, मग दूध आणि पुन्हा एक उकळी. या पद्धतीत काही चूक नाही, कारण आपला रोजचा दाणेदार चहा त्यासाठीच बनवलेला आहे. 1930 च्या सुमारास आसामात पाने चिरडणारे, फाडणारे आणि त्यांच्या गोळ्या वळणारे सीटीसी यंत्र आले. त्या बारीक गोळ्यांतून रंग आणि कडकपणा झटपट उतरतो, दुधातील केसीन हे प्रथिन त्यातील तुरट द्रव्यांना धरून ठेवते आणि साखर उरलेले काम करते. हीच रीत हिरव्या पत्तीवर चालवली, दूध-साखर वजा करून, तर हाती येतो तो काढा. त्यात कागदी पिशवीतला चहा बहुधा पानांचा बारीक चुरा असतो. चुऱ्याला पाणी सगळीकडून भिडते आणि कडूपणा मिनिटभरात बाहेर येतो.

हिरवा, उलाँग आणि आपला काळा चहा ही तीन वेगळी झाडे नव्हेत. युरोपात मात्र बराच काळ तसेच मानले जात होते. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनेही काळ्या आणि हिरव्या चहाला दोन स्वतंत्र जाती म्हणून नोंदवले होते. 1840 च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ चीनच्या अंतर्भागात फिरला आणि दोन्ही चहा एकाच झाडाच्या पानांपासून होतात हे त्याने पाहिले. आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेला पडली. परदेशी गिऱ्हाइकाला चहा ‘हिरवा’ दिसावा म्हणून कारागीर त्यात प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम मिसळत होते. खाद्यपदार्थांतल्या भेसळीचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे.

एकाच पानाचे तीन चहा कसे होतात? सफरचंद कापून ठेवले की ते तांबूस पडते. पेशी फुटल्या की विकर आणि हवेतील ऑक्सिजन मिळून हा बदल घडवतात, आणि चहाच्या पानातही हेच होते. हा बदल पूर्ण होऊ दिला की काळा चहा. पान खुडल्यावर लवकरच उष्णता देऊन विकर निकामी केले की हिरवा. मधेच कुठेतरी थांबवले की उलाँग. चीनमध्ये हिरव्या चहासाठी पाने तापलेल्या कढईत परततात. हांगझोऊच्या पश्चिम सरोवराभोवती होणाऱ्या लाँगजिंग चहाची पाने तर तळहाताने कढईच्या अंगाशी दाबून चपटी केली जातात. म्हणून त्याला भाजक्या दाण्यासारखा खमंग वास असतो. जपानमध्ये पाने वाफवतात. उजीजवळच्या नागातानी सोएन यांनी 1738 मध्ये वाफवून, वळून, सुकवण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातून आजचा सेंचा आला. त्याचा वास ताज्या गवताकडे, थोडा समुद्रशेवाळाकडे झुकतो. आपल्या नाकाला तो पहिल्यांदा विचित्र वाटतो. दोन-चार दिवस जाऊ द्यावे लागतात.

आता कपात नेमके काय उतरते ते पाहू. कॅटेचिन या गटातील द्रव्ये तुरट आणि कडू असतात. कॅफीन कडू असते. थियानिन हे अमिनो आम्ल मात्र गोडसर, सूपासारखी भरीव चव देते. इकेदा या जपानी रसायनतज्ज्ञाने 1908 मध्ये ‘उमामी’ असे नाव दिलेली चव ती हीच. थियानिन स्वतः 1949 मध्ये ग्योकुरो या चहातून वेगळे काढले गेले. ग्योकुरोची झुडपे खुडणीआधी सुमारे तीन आठवडे सावलीत ठेवतात, कारण ऊन मिळाले की पानातील थियानिनपासून कॅटेचिन बनू लागतात. सावली म्हणजे तुरटपणा कमी, गोडवा जास्त.

तुरट हा शब्द आपल्याकडे आहे, ही मोठी सोय आहे. आवळा, जांभूळ, कच्ची सुपारी खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तो तुरटपणा. आयुर्वेदाने त्याला कषाय म्हणून सहा रसांत बसवले. आधुनिक शरीरशास्त्र त्याला मूलभूत चवींमध्ये धरत नाही, मुख्यतः स्पर्शाची संवेदना मानते. कॅटेचिन लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे, खरखरीत वाटते. चहा पिताना ‘कडू’ म्हणून जी तक्रार होते, तिच्यात बऱ्याचदा निम्मा भाग तुरटपणाचा असतो. दोन्ही वेगळे ओळखता आले की चव घेण्याची सुरुवात झाली.

या तिन्ही द्रव्यांचा उतरण्याचा वेग सारखा नसतो. थियानिन कोमट पाण्यातही सहज उतरते. कॅटेचिन आणि कॅफीन भराभर निघायला उष्णता लागते. पाणी 70 ते 80 अंशांचे असेल आणि पत्ती दीड-दोन मिनिटेच त्यात राहिली, तर गोडवा पुढे येतो आणि कडूपणा मागे राहतो. उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवली तर चित्र उलटे. याची खात्री घरी करता येते. एकच पत्ती दोन कपांत घ्यावी, प्रत्येकी चहाचा एक सपाट चमचा, साधारण दोन-तीन ग्रॅम. एका कपात उकळते पाणी ओतून पाच मिनिटे थांबावे. दुसऱ्यासाठी उकळलेले पाणी आधी एका रिकाम्या थंड कपात, मग दुसऱ्या कपात ओतून घ्यावे. प्रत्येक वेळी ते साधारण दहा अंशांनी निवते, त्यामुळे तापमापकाची गरज नाही. ते पत्तीवर ओतावे, झाकावे आणि दीड मिनिटाने गाळावे. दोन्ही कप एकाच डब्यातल्या पत्तीचे आहेत यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. उन्हाळ्यात तीच पत्ती थंड पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पाहावी. कडूपणा जवळजवळ नसतो आणि कॅफीनही कमी उतरते.

व्यावसायिक परीक्षक मात्र मुद्दाम उलटे करतात. चहा तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटे, असे प्रमाण आहे. (ब्रिटनच्या मानक संस्थेला अशाच सहा पानी दस्तऐवजाबद्दल 1999 मध्ये विनोदी ‘इग नोबेल’ मिळाले होते.) परीक्षकाला चहातले दोष उघडे पाडायचे असतात, म्हणून तो पत्तीला छळतो. पिणाऱ्याने तसे करण्याचे कारण नाही. परीक्षकाकडून एक गोष्ट मात्र जरूर उचलावी: भुरका. जोरात भुरका मारला की चहाचे बारीक तुषार तोंडभर उडतात आणि वास घशामागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा वाटा हा असा मागच्या दाराने आलेला वास असतो. सर्दीत जेवण बेचव लागते ते याचमुळे. बशीत ओतून फुर्र करून पिणारी आजोबांची पिढी या बाबतीत शास्त्रशुद्ध होती.

वासाची खरी श्रीमंती उलाँगमध्ये आहे. पाने उन्हात थोडी कोमेजू देतात, मग टोपल्यांत पुन्हा पुन्हा हलवतात. कडा एकमेकींवर घासून जखमी होतात आणि तांबूस पडतात, मधला भाग हिरवा राहतो. पान खुडलेले असले तरी अजून जिवंत असते आणि या जखमांना उत्तर म्हणून सुगंधी द्रव्ये तयार करू लागते. फुलांचा जो वास येतो तो बाहेरून घातलेला नसतो. फुजियान प्रांतातल्या आनशीचा तिएग्वानयिन असा फुलांच्या वासाचा. त्याचे नाव ग्वानयिन या करुणेच्या देवतेवरून पडले. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वराचे चिनी रूप, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी म्हणजेही तोच अवलोकितेश्वर. त्याच प्रांतातल्या वूयी डोंगरातले उलाँग कोळशाच्या मंद आचेवर भाजतात, त्यांची चव गडद आणि खमंग.

तैवानच्या ‘ओरिएंटल ब्यूटी’ची गोष्ट तर शेतकऱ्यांना चकित करील. कापूस किंवा भात पिकवणाऱ्याला तुडतुडे हे नाव ऐकूनच धडकी भरते. तैवानमध्ये या चहासाठी तुडतुड्यांची वाट पाहिली जाते. त्यांनी कोवळ्या पानांतला रस शोषला की झाड बचावासाठी काही वास सोडू लागते, आणि त्यातूनच पुढे या चहाची मधासारखी चव येते. कीटकनाशक फवारले तर चहाच बिघडला. दार्जिलिंगच्या उन्हाळी खुडणीतल्या द्राक्षांसारख्या वासामागेही असेच तुडतुडे असतात.

उलाँगला हिरव्यापेक्षा गरम पाणी चालते, 90 अंशांच्या पुढे. गुंडाळी वळलेल्या पत्तीला ते लागतेच. चीन-तैवानमध्ये झाकणाच्या लहान वाटीत, गायवानमध्ये, पाच-सहा ग्रॅम पत्ती घेऊन जेमतेम 100 मिलिलिटर पाणी ओततात, अर्ध्या मिनिटात गाळतात आणि तीच पत्ती पाच-सहा वेळा वापरतात. प्रत्येक वेळी चव बदलते, साधारण तिसऱ्या वेळी ती सर्वांत भरलेली वाटते. चांगला चहा गिळल्यावर थोड्या वेळाने घशात गोडवा परततो. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येतो, तसाच काहीसा.

आता औषधाचे. जपानच्या मियागी भागातील 40,530 प्रौढांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज पाच किंवा अधिक कप हिरवा चहा पिणाऱ्यांमध्ये, एका कपाहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले. कर्करोगाच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. हे निरीक्षण आहे, चहामुळेच असे झाले याचा तो पुरावा नव्हे. वजनाबाबत तर चित्र स्पष्ट आहे. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या 2012 च्या आढाव्यात वजनातली घट इतकी किरकोळ निघाली की उपचार म्हणून तिला अर्थ नाही. भात, तळण आणि बैठे काम तसेच ठेवून वर एक कडू कप घेतल्याने पोट उतरत नाही.

खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. कप नकोसा झालेला माणूस ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलकडे वळतो. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये हे तपासले. साध्या चहातून मुख्य कॅटेचिन रोज साधारण 90 ते 300 मिलिग्रॅम पोटात जाते आणि ते सहसा सुरक्षित असते. पूरक गोळ्यांतून 800 मिलिग्रॅम किंवा अधिक घेणाऱ्या काहींमध्ये यकृताची विकरे वाढलेली आढळली. अशा अर्कांमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. रिकाम्या पोटी गोळी घेतली की शोषण आणखी वाढते, आणि ‘वजनाची गोळी’ नेमकी उपाशीपोटीच घेतली जाते. कॅप्सूल सुरू असताना मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही झाले तर ती बंद करून डॉक्टरांना बाटलीसकट दाखवावी. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून ती सांगायची राहते, हे नेहमीचेच.

दुसरी बाब लोहाची. चहातील कॅटेचिन आणि टॅनिन भाकरी, डाळी, पालेभाज्यांतल्या लोहाला पकडून ठेवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. जेवणावर लगेच चहा, मग तो कोणत्याही रंगाचा असो, त्यांनी टाळावा. मागेपुढे तासभर अंतर ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नये. वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरव्या चहाचे प्रमाण अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगावे. कॅफीन यातही असतेच. गर्भवतींनी दिवसभरातले एकूण कॅफीन 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवावे आणि त्यात घरचा दुधाचा चहाही मोजावा. शिवाय 65 अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटले आहे. पंचाहत्तर अंशांच्या पाण्यात केलेला चहा छोट्या कपात ओठांशी येईपर्यंत त्याखाली उतरलेला असतो.

पत्तीसाठी चीनपर्यंत जावे लागत नाही. हिमाचलातल्या कांग्रा खोऱ्यात हिरवा चहा होतो, दार्जिलिंग आणि निलगिरीतही हिरवा व उलाँग मिळतो. सुरुवातीला पन्नास ग्रॅमच घ्यावा आणि हवाबंद, अपारदर्शक डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावा. हिरवी पत्ती शेजारच्या वेलदोड्याचा वास लगेच उचलते. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा भिजलेली पत्ती खरे बोलते. चहा गाळल्यावर ती बशीत पसरून पाहावी. चांगल्या हिरव्या चहात कोवळी पाने आणि कळी ओळखू येते, उलाँगच्या पानाला बहुधा तांबूस कड दिसते, आणि नुसता चुरा असेल तर तोही लपत नाही.