दुखत नाही म्हणूनच धोका: मधुमेह आणि पायाची जखम

चाळीसगाव परिसरात शेतात अनवाणी काम करताना बाभळीचा काटा टोचणे नवे नाही. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी जाणाऱ्या भाविकांचे तळवेही तापलेल्या डांबरावर भाजतात. एरवी माणूस चटकन पाय उचलतो. पण बरीच वर्षे मधुमेह असलेल्या व्यक्तीला काटा किंवा चटका कळतच नाही, असे होऊ शकते. ‘दुखत नाही ना, मग होईल बरे’ असे म्हणून ती चालत राहते आणि जखम खोल होत जाते.

असे का होते?

रक्तातील साखर दीर्घकाळ जास्त राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, मग पाय बधिर होतो. घाम कमी येतो, त्वचा कोरडी पडून भेगा पडतात.

रक्तवाहिन्याही अरुंद होतात. जखमेला पुरेसे रक्त न मिळाल्याने ती भरत नाही. विडी-तंबाखूने हा त्रास वाढतो.

वाढलेल्या साखरेमुळे जंतूंशी लढण्याची ताकद घटते. संसर्ग हाडापर्यंत पोहोचला किंवा गँगरीन झाले, तर जीव वाचवण्यासाठी बोट किंवा पाय कापावा लागू शकतो. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के जणांना आधी पायाला जखम झालेली असते. म्हणून जखम टाळणे किंवा वेळीच भरून आणणे, हाच पाय वाचवण्याचा मार्ग आहे.

रोज काय कराल?

• रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. वाकता येत नसेल तर घरच्यांनी पाहाव्यात.
• घरातही चप्पल वापरा. घालण्यापूर्वी आत खडा किंवा काटा नाही ना, हे पाहा.
• अनवाणी चालण्याचा नवस बोलू नका. पायी यात्रेपूर्वी डॉक्टरांना पाय दाखवा.
• गरम पाण्याने शेकू नका. कुरूप ब्लेडने कापू नका. जखमेवर चुना किंवा तंबाखू लावू नका.
• वर्षातून एकदा पायाची संवेदना आणि रक्तपुरवठा तपासून घ्या.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे कधी जावे?

जखम, फोड, लाली, सूज, पू, दुर्गंधी किंवा काळेपणा दिसल्यास दुखण्याची वाट पाहू नका. सोबत ताप असेल तर थेट रुग्णालय गाठा. रुग्णाला चालवत नेऊ नका. जखमेवर भार पडला की ती आणखी चिघळते.