लोहगड की विसापूर?

दोस्तांनो, रविवारी कुठंतरी जायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. तुमच्याकडे पडतात की नाही? आमच्याकडे मोशीला यंदा पावसाळ्यात अस्संच झालं. दहावीतली भाची म्हणाली, "मावशी, विसापूरच! लोहगड काय, पायऱ्यांचा किल्ला." तिसरीतला तिचा भाऊ ओरडला, "मला विंचूकाटा बघायचाय!" आणि त्यांची आजी, म्हणजे माझी आई, गुडघे चोळत म्हणाली, "मला कुठलाही चालेल, फक्त धडपणे परत आणा म्हणजे झालं." हसू नका हं, सगळ्यात शहाणपणाचं तीच बोलली!

बर्फाच्या देशांत ही भांडणं जरा सोपी झाली आहेत. युरोपात स्कीइंग करायचे, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जायचे जे उतार असतात ना, त्यांना चक्क रंग दिलेले असतात. निळा सोपा, लाल मध्यम आणि काळा म्हणजे अगदी तरबेज माणसांसाठी. पाटी बघायची आणि आपला उतार निवडायचा. आपल्या सह्याद्रीत अशा पाट्या नाहीत. तेव्हा लोहगड-विसापूरच्या जोडीला आज आपणच रंग देऊ या.

हे दोन्ही किल्ले मावळात, मळवली स्टेशनजवळ. मोशीहून चिंचवड किंवा आकुर्डी स्टेशन गाठायचं आणि लोणावळ्याची लोकल धरायची. (दुपारी दोन गाड्यांत बरंच अंतर असतं, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा.) मोशीवरून वाहणारी आपली इंद्रायणी लोणावळ्याकडूनच येते आणि याच किल्ल्यांसमोरच्या खोऱ्यातून पुढे जाते. म्हणजे आपण नदीच्या माहेरीच निघालो म्हणा ना! मळवलीहून भाजे गाव, तिथली दोन हजार वर्षांहून जुनी लेणी, आणि मग चढत चढत गायमुख खिंड. खिंडीत उभं राहिलं की उजव्या हाताला लोहगड आणि डाव्या हाताला विसापूर. आता सांगा, कुठं वळायचं?

लोहगडाची उंची सुमारे १०३३ मीटर, विसापूरची सुमारे १०८४. फरक पन्नास मीटरचा. मोशीत आता उभ्या राहिलेल्या सोळा-सतरा मजली इमारती असतात ना, साधारण तेवढाच. पण एवढ्याशा फरकानं एकदा लढाईचा निकाल लागला, बरं का. १८१८ साली इंग्रजांची फौज इथं आली. त्यांनी आधी लोहगडाकडे मोर्चा वळवलाच नाही. ४ मार्चला त्यांनी विसापूर घेतला. विसापूर उंच, त्यामुळे तिथून तोफा डागल्या तर गोळे थेट लोहगडावर! लोहगडावरच्या लोकांनी हे ओळखलं आणि दुसऱ्याच दिवशी तो मजबूत किल्ला जवळपास न लढताच इंग्रजांच्या हाती गेला.

पुढे इंग्रजांनी विसापूरचे दोन्ही दरवाजे सुरुंग लावून उडवले आणि किल्ला ओसाड टाकला. लोहगडावर मात्र त्यांनी आपली शिबंदी ठेवली. म्हणून आज लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चारही दरवाजे एकामागोमाग उभे दिसतात आणि पायऱ्या थेट त्यांच्यातून वर नेतात. विसापूरला ढासळलेल्या दगडांतून वाट काढत चढावं लागतं. म्हणजे आजचा सोपा कोण आणि अवघड कोण, हे काही निसर्गानं एकट्यानं ठरवलेलं नाही!

तर लोहगड निळा. पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, पुढे सगळ्या पायऱ्या. आजी-आजोबा दमले की कट्ट्यावर टेकतात, लहानग्यांना दरवाजे मोजत चढता येतं. वर गेलं की नाना फडणविसांनी बांधलेला तलाव बघा. दक्षिणेला पवना धरण दिसतं, पिंपरी-चिंचवडच्या नळांना येणारं बरंचसं पाणी तिथलंच. शिवाय जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात लोहगड आहे. निळ्यातही एक लाल तुकडा आहे मात्र. विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी पुढे गेलेली ती चिंचोळी माची. तिच्यावर जाताना थोडा कातळ उतरावा लागतो. तिथं लहान मुलाचा हात सोडायचा नाही, आणि पाऊस असेल तर माची वरूनच बघायची.

आणि विसापूर? कोरड्या दिवसांत लाल, भर पावसात सरळ सरळ काळा. भाज्याच्या बाजूची जुनी पायऱ्यांची वाट पावसात ओढाच होऊन जाते. फोटोत ती फार सुंदर दिसते, मला ठाऊक आहे. मीही असाच फोटो बघून एका जुलैत गेले होते. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि गुडघा चांगलाच सोलवटला. तरी हट्टानं वर गेले. वर एवढं मोठं पठार, त्यात धुकं असं उतरलं की दहा पावलांवरची मैत्रीण दिसेना. तटबंदीला धरून चालावं, तर आपण कुठून वर आलो ती जागाच सापडेना. शेवटी एक गुराखी मामा भेटले आणि त्यांनी खाली वाट लावून दिली. नाहीतर तुमची ही मावशी तिथंच तळ्याकाठी बसलेली सापडली असती!

थंडीत मात्र विसापूरसारखी मजा नाही. लांबच लांब तटबंदी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, चुना मळायच्या घाण्याचं मोठं दगडी चाक, आणि माणसांची वर्दळ कमी. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर इतकी गर्दी होते की माणसं जागच्या जागी अडकतात. म्हणून आईबाबांनो, निळा किल्लासुद्धा शक्यतो मधल्या वारी, नाहीतर सकाळी लवकर गाठा. प्रशासन कधी कधी पावसात बंदी घालतं, तीही चौकशी आधीच करून ठेवा.

आमच्या भांडणाचं काय झालं म्हणता? बाहेर पाऊस, बरोबर आई आणि तिसरीतला वीर. किल्ला निवडायचा तो आपल्यातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याकडे बघून, म्हणून आम्ही उजवीकडे वळलो. भाची दोन दरवाजे फुगूनच चढली. वर ढग जरा हटले आणि समोर विसापूरची तटबंदी दिसली, आमच्याहून उंच. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, तिथून आपण अगदी टप्प्यात आहोत की गं!"

डिसेंबरात ती आणि तिचे बाबा विसापूरला जाणार आहेत. आई म्हणते, मला लोहगडवाडीत सोडा, मी पिठलं-भाकरी खात तुमची वाट बघते.