ओझोनमापकाच्या दिव्यामागे

सकाळी ७. हवा तपासणी केंद्राच्या कॅबिनमध्ये शिरलो की मी आधी ओझोनचा आकडा बघत नाही. ओझोन काढून टाकलेल्या हवेतून दिव्याचा किती उजेड डिटेक्टरवर पडतोय, तो संदर्भाचा आकडा बघतो. आज तो थरथरतोय.

७.१५. यूपीएस ठीक, कॅबिनचा एसी ठीक. म्हणजे संशय दिव्यावर, नाहीतर त्याच्या पॉवर सप्लायवर. दिवा कमी दाबाच्या पाऱ्याचा, २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देणारा. पेटायला त्याला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. आतला वायू एकदा वाहक झाला की कमी व्होल्टेजवरही प्रवाह मोकाट वाढू बघतो. त्याला आवरून धरणं, हे पॉवर सप्लायचं खरं काम. शिवाय पुरवठा एसी हवा, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा. डीसी दिला तर पारा हळूहळू नळीच्या एका टोकाला जमतो.

८. सोबतच्या शिकाऊ मुलाला पुन्हा बजावलं: पेटत्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही आणि हाय व्होल्टेजच्या टोकांना साधा मल्टिमीटर लावायचा नाही. पॉवर सप्लायच्या कार्डात येणारा डीसी तेवढा मोजला. स्थिर आहे. बहुतेक जण इथे दिवाच बदलून मोकळे होतात. आम्ही वीज बंद करून खात्रीचा दुसरा दिवा बसवला आणि तापू दिला. थरथर तशीच. मग जुनाच दिवा परत लावला आणि सप्लायचं कार्ड बदललं.

९.३०. दिवा तापतोय, तेवढ्यात मुलाला हिशेब करायला लावला. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. तेवढा ओझोन साधारण ४० सेंटिमीटरच्या नळीत दहा हजारातले जेमतेम सहा भाग उजेड शोषतो. आमच्या यंत्रात नळी एकच: काही सेकंद बाहेरची हवा, काही सेकंद ओझोन काढलेली, आणि दोन्हींची तुलना. नेमका बाहेरची हवा नळीत असतानाच दिवा दहा हजारात सहा भाग मंदावला, तर स्वच्छ हवेतही मर्यादेइतका ओझोन दिसेल! मुलगा बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

१०.४५. संदर्भाचा आकडा स्थिर. झीरो (ओझोन नसलेली हवा) आणि स्पॅन (ठरावीक ओझोन असलेली हवा) तपासले, दोन्ही जागेवर.

दुपारी १ ते ४. यंत्राला हात लावायचा नाही. वाहनांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडून ओझोन तयार होतो, त्यामुळे हेच तास मोलाचे.

४.३०. मग सल्फर डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची पाळी. त्यात झेनॉनचा चमकणारा दिवा. तो म्हातारा होतो तसं यंत्र त्याचं व्होल्टेज वाढवत नेऊन चमक राखतं. म्हणून तिथे उजेड नाही, व्होल्टेज वाचायचं.

५.३०. नोंदी चाळल्या. थरथर पहाटे दोनला सुरू झाली होती. दोनपासून पावणेअकरापर्यंतचे ओझोनचे सगळे आकडे अवैध म्हणून नोंदवले, कारणासकट.