हिरवळ कोणाच्या वाट्याची?

साताऱ्यास हिरवाईचे दुर्भिक्ष आहे असे म्हटले तर ऐकणारा हसेल. माथ्यावर अजिंक्यतारा, शेजारी यवतेश्वराचा डोंगर, आणि पंचवीस किलोमीटरांवर २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळालेले कासचे पठार! परंतु ही संपत्ती ज्याच्यापाशी वाहन आहे, ज्याचे गुडघे शाबूत आहेत आणि ज्याचा रविवार मोकळा आहे त्याची. कासला प्रवेशशुल्क पडते. चार भिंतींपर्यंत चढ चढावा लागतो. चार घरची धुणीभांडी उरकून येणाऱ्या बाईने घटकाभर टेकावे कोठे, आणि तिच्या मुलाने खेळावे कोठे?

सांगलीस डोंगर नाही. तेथे कृष्णाकाठ आहे आणि संस्थानी अमदानीतील आमराई आहे. अशा बागांतून पहाटे फिरावयास निघणारी मंडळी बहुधा पेन्शनर, वकील, डॉक्टर, व्यापारी. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही, आमचे बहुतेक वाचक त्यांतलेच. परंतु कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार पाळी संपवून बाहेर पडतो, मार्केट यार्डातील हमाल भर दुपारी पाठ टेकू पाहतो, त्या वेळी आपल्याकडील बहुतेक बागांच्या फाटकास कुलूप असते. सावलीची गरज दुपारी असते, हे नगरपित्यांस कोणी तरी सांगावयास हवे. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर येथील रहिवाशांना तर नदीची ओळख आहे ती २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांची.

हा चैनीचा प्रश्न नव्हे. इंग्लंडमधील आकडेवारीवरून २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असे दाखविण्यात आले की, हिरवाई अधिक असलेल्या भागांत गरीब व श्रीमंत यांच्या मृत्युमानातील तफावत कमी आढळते. ज्याच्या अंगणात पारिजातक आहे त्याचे बागेवाचून फारसे अडत नाही.

मग बागा होत का नाहीत? १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वये विकास आराखड्यात बागेसाठी जमीन राखून ठेवता येते. परंतु दहा वर्षांत ती संपादन झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत की आरक्षण गळून पडते. मालकास दोष देता येणार नाही. त्याने जमीन अडकवून तरी किती वर्षे ठेवावी? दोष आहे तो नकाशावर हिरवा रंग देऊन स्वस्थ बसणाऱ्यांचा. बागेसाठी ठेवलेली जागा खासगी रुग्णालयास देण्याचा बंगलोरमधील निर्णय १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. पण मुदत टळल्याने गेलेल्या जागेस हे संरक्षण कसे लाभावे?

सातारा नगरपालिकेने आणि १९९८ साली स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने आरक्षित भूखंडांची प्रभागवार यादी, प्रत्येकाच्या मुदतीसह, प्रसिद्ध करावी. संपादनाचा पैसा प्रथम दाट वस्तीकडे वळवावा. ज्या बागा दुपारी बंद राहतात त्या उघड्या ठेवाव्यात, तेथे स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे, आणि फाटकाशी चाकाची खुर्ची अडेल असा उंबरा नसावा. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागांना सुगमता बंधनकारक करतो. पालिकांच्या शाळांची मैदाने संध्याकाळी वस्तीतील मुलांस खुली करण्यास तर जमीन विकत घ्यावी लागत नाही. एक पहारेकरी आणि एक किल्ली पुरे.