नावामागील पत्ता



पाकिटावर पत्ता लिहिताना आपण प्रथम माणसाचे नाव लिहितो. मग घर, गल्ली, गाव, जिल्हा आणि शेवटी राज्य. परंतु टपालाची निवड करणारा कर्मचारी हा पत्ता आपल्याप्रमाणे वरून खाली वाचीत नाही. त्याची नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते. पत्र कोणत्या राज्यात व कोणत्या गावी जावयाचे हे ठरल्यावाचून माणसाच्या नावाचा त्याला काहीच उपयोग नसतो. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली, तर इंटरनेटवरील नावांचे निम्मे कोडे तेथेच सुटते. उरलेले निम्मे सोडविण्यासाठी संगणकाला एक प्रश्न कसा विचारावा, हे सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. गेल्या वर्षी त्यांच्या भ्रमणध्वनीवर एक निरोप आला. ‘आपले बँकेतील खाते आज रात्री बंद होईल; खालील ठिकाणी जाऊन त्वरित माहिती भरावी,’ असा त्याचा मजकूर होता. खाली जे नाव दिले होते त्याच्या आरंभी त्यांच्याच बँकेचे नाव होते. गुरुजी घाबरून माहिती भरावयास बसले. तोच त्यांची नववीत शिकणारी नात म्हणाली, “आजोबा, थांबा. आधी हे नाव शेवटाकडून वाचून पाहा.” शेवटाकडून वाचताच ध्यानात आले, की त्या ठिकाणाचा बँकेशी काडीचाही संबंध नव्हता. आयुष्यभराची पुंजी वाचली, ती त्या मुलीच्या एका वाक्याने. ते वाक्य कशाच्या आधारावर उभे होते, ते आता पाहू.

नाव माणसासाठी, अंक यंत्रासाठी

इंटरनेटला जोडलेल्या संगणकांना एकमेकांची नावे कळत नाहीत. त्यांना कळतात ते अंक. प्रत्येक ठिकाणाला एक अंकपत्ता असतो. जुन्या पद्धतीचा पत्ता म्हणजे टिंबांनी वेगळ्या केलेल्या चार संख्या. त्यांतील प्रत्येक संख्या ० ते २५५ ह्यांच्या दरम्यान असते. उदाहरणार्थ, १९२.०.२.१ हा पत्ता पुस्तकांत नमुन्यादाखल देण्यासाठीच राखून ठेवलेला आहे. अशा रीतीने सुमारे ४३० कोटी पत्ते तयार होतात. तेही अपुरे पडू लागल्यामुळे अधिक लांब पत्त्यांची दुसरी पद्धत प्रचारात आली.

असे अंक मनुष्याच्या स्मरणात राहणे कठीण. म्हणून नावे आली. आणि नावे आली म्हणजे नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्थाही आलीच. आरंभी ही व्यवस्था अगदी घरगुती स्वरूपाची होती. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अमेरिकेतील आर्पानेट ह्या जाळ्यातील सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत लिहिलेले असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई, आणि तेथील माहिती केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर नावाच्या विदुषी होत्या. नवा संगणक जोडला की केंद्राला कळवावयाचे, आणि बाकीच्यांनी ती यादी वेळोवेळी उतरवून घ्यावयाची, असा परिपाठ होता. संगणकांची संख्या वाढली तशी यादी लांबली आणि ती प्रत्येकाच्या हाती पडेपर्यंत शिळी होऊ लागली.

ह्यावर १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी उपाय शोधला. सगळी यादी एकाच ठिकाणी ठेवण्याऐवजी त्यांनी तिची वाटणी केली. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतील नावे सांभाळावी आणि हद्दीबाहेरचा प्रश्न आला तर कोणाला विचारावे एवढेच सांगावे, हे तिचे सूत्र होय. जिल्ह्याच्या कचेरीत प्रत्येक घराची नोंद नसते, परंतु ती कोणत्या गावच्या दप्तरात मिळेल हे तेथे कळते. तसाच हा प्रकार आहे. ह्या व्यवस्थेला ‘डोमेन नेम सिस्टिम’ म्हणतात, आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डीएनएस’ हे नाव रूढ झाले आहे.

शेवटापासून आरंभाकडे

आता ‘एक्झाम्पल.कॉम’ हे नाव घेऊ. हेही उदाहरणासाठी राखून ठेवलेले नाव असल्याने निर्धास्तपणे वापरता येते. ह्या नावाचा शोध सुरू होतो तो उजव्या टोकाकडून. सर्वांच्या मुळाशी जे सेवक-संगणक आहेत त्यांना मूळ सेवक म्हणतात. रोमन लिपीतील ए पासून एम पर्यंतच्या अक्षरांची १३ नावे त्यांना दिलेली आहेत. परंतु ह्या १३ नावांमागे जगभर पसरलेल्या प्रती एक हजाराहून अधिक आहेत, आणि त्यांपैकी काही भारतातही आहेत. मूळ सेवक सांगतो, “मला एक्झाम्पल ठाऊक नाही, पण ‘कॉम’ ज्यांच्याकडे आहे ते हे पाहा.” कॉमवाले सांगतात, “एक्झाम्पलची वही अमक्याकडे आहे.” आणि तो अमका अखेरीस अंक सांगतो. हा सर्व प्रवास एका सेकंदाच्या अल्पशा अंशात पार पडतो.

ह्यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो. नावावर खरी सत्ता उजव्या टोकाकडच्या भागाची असते. डावीकडे हवे ते लिहिण्याची मुभा त्या नावाच्या धन्याला असते. समजा, एखाद्याने ‘अमुकबँक.बँक.इन.एक्झाम्पल.कॉम’ असे नाव पुढे केले. वाचणाऱ्याची दृष्टी ‘अमुकबँक’ ह्या शब्दावर खिळते. परंतु ते ठिकाण बँकेचे नसून एक्झाम्पल.कॉमच्या धन्याचे आहे. गुरुजींच्या निरोपातील लबाडी नेमकी अशीच होती.

आपल्या देशात ह्याच नियमाचा उपयोग लोकांच्या संरक्षणासाठी करण्यात आला आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांसाठी ‘बँक.इन’ हा स्वतंत्र शेवट ठरवून दिला आणि सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली ठिकाणे त्याखाली आणावीत असा आदेश काढला. ही नावे देण्याचा अधिकार हैदराबाद येथील आयडीआरबीटी ह्या संस्थेकडे आहे. बँक नसलेल्यास हा शेवट मिळत नाही. परंतु ‘बँक.इन’ ही अक्षरे अगदी शेवटीच असावयास हवीत. त्यांच्यापुढे आणखी एक टिंब आणि एक शब्द आला की सगळा अर्थ पालटला.

संगणकाला प्रश्न कसा विचारावा

एरव्ही ही विचारपूस संगणक आपल्या पाठीमागे करीत असतो. तीच आपण समोर बसून करू शकतो. त्यासाठी चित्रांच्या पडद्याऐवजी जेथे केवळ शब्द टंकून आज्ञा देतात, ती कमांड लाइन उघडावी. विंडोजमध्ये तिला कमांड प्रॉम्प्ट आणि मॅक वा लिनक्समध्ये टर्मिनल म्हणतात. आज्ञा रोमन लिपीतच टंकावी लागते.

पहिली आज्ञा ‘एनएसलुकअप’. हा शब्द, मग एक जागा मोकळी, मग नाव, आणि शेवटी एंटरची कळ. उत्तराच्या वरच्या भागात आपण कोणत्या सेवकाला विचारले हे दिसते आणि खाली नावाचा अंकपत्ता येतो. मध्ये बहुधा ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह’ असा शब्द असतो. त्याने भिऊ नये. उत्तर मूळ वहीतून न येता मधल्या सेवकाच्या स्मरणातून आले, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी आज्ञा ‘डिग’, म्हणजे खणणे. ही मॅकवर तयार मिळते. लिनक्सवर नसल्यास बसवून घेता येते. हिचे उत्तर अधिक विस्तृत असते. उत्तराच्या ओळीत प्रथम नाव, मग एक संख्या, मग ‘आयएन’ ही अक्षरे, मग नोंदीचा प्रकार आणि शेवटी पत्ता असतो. येथील ‘आयएन’ म्हणजे भारत नव्हे. ती इंटरनेट ह्या शब्दाची खूण आहे. नोंदीचा प्रकार ‘ए’ असेल तर जुन्या पद्धतीचा अंकपत्ता, चार वेळा ‘ए’ असेल तर नव्या पद्धतीचा, आणि ‘एमएक्स’ असेल तर त्या नावाची टपाले कोठे जातात ते कळते. असे नावच अस्तित्वात नसेल, तर ‘एनएक्सडोमेन’ हे उत्तर मिळते.

नावानंतरची संख्या विशेष मनोरंजक आहे. हे उत्तर आणखी किती सेकंद स्मरणात ठेवावे, ते ती सांगते. एक छोटासा प्रयोग करून पाहा. एकदा विचारा, दहा सेकंद थांबा आणि पुन्हा विचारा. बहुधा ती संख्या दहाने कमी झालेली दिसेल. एखाद्या संस्थेने आपला पत्ता बदलला तरी काही जणांना काही वेळ जुन्याच ठिकाणी का जावे लागते, ह्याचे कारण तुमच्या डोळ्यांसमोर सेकंदासेकंदाने घटत असते.

‘डिग’पुढे अधिकचे चिन्ह आणि त्याला जोडून ‘ट्रेस’ हा शब्द लिहिला, तर मूळ सेवकापासून शेवटच्या उत्तरापर्यंतची सर्व पायरीमाळ एकाखाली एक उमटते. वर वर्णिलेला प्रवास तेथे प्रत्यक्ष दिसतो.

तिसरी आज्ञा ‘हू-इज’, म्हणजे ‘कोण आहे’. ही पत्ता सांगत नाही. नावाची नोंदणी केव्हा झाली आणि कोणाच्या मार्फत झाली ते सांगते. विंडोजमध्ये ती आरंभापासून नसते. मालकाचे नाव अलीकडे खाजगीपणाच्या नियमांमुळे बहुधा झाकलेले असते; परंतु नोंदणीची तारीख दिसते. शंभर वर्षांची म्हणविणारी पेढी जर गेल्या आठवड्यात नोंदलेल्या नावाने तुमच्याकडे माहिती मागत असेल, तर काय समजावे हे सांगण्याची गरज नाही. कॉमसारख्या शेवटांसाठी ही माहिती आता ‘आरडॅप’ नावाच्या नव्या पद्धतीने पुरविली जाते. तथापि प्रश्न तोच आहे.

उत्तरावर विश्वास किती ठेवावा

येथे एक शंका येणे साहजिक आहे. मधल्या सेवकालाच कोणी खोटे उत्तर पढविले तर? ही शंका काल्पनिक नाही. २००८ साली डॅन कामिन्स्की ह्या संशोधकाने दाखवून दिले, की ह्या व्यवस्थेत खोटे उत्तर घुसविणे वाटत होते त्याहून कितीतरी सोपे आहे. प्रश्नाला जो ओळख-क्रमांक दिला जाई त्याची केवळ ६५,५३६ रूपे संभवत, आणि यंत्राला तो अंदाजाने ओळखण्यास फार वेळ लागत नसे. त्यांनी तो दोष चव्हाट्यावर न मांडता आधी संबंधितांना कळविला, आणि जुलै २००८ मध्ये अनेक उत्पादकांनी एकाच वेळी दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुढे १५ जुलै २०१० रोजी मुळाच्या नोंदींवर गणिती स्वाक्षरी करण्यास प्रारंभ झाला. अशा स्वाक्षरीमुळे उत्तर वाटेत बदलले आहे काय, हे तपासता येते. मात्र ही स्वाक्षरी अद्याप प्रत्येक नावावर नसते.

दुसरी मर्यादा ह्याहून मोठी आहे. ह्या आज्ञा नाव कोठे जाते ते सांगतात. तेथे बसलेला मनुष्य प्रामाणिक आहे की नाही, हे सांगत नाहीत. लबाडाच्या घरालाही खरा पत्ता असतोच. तो निर्णय आपल्या विवेकानेच करावा लागतो. यंत्राचे उत्तर त्या विवेकाच्या हाती पुरावा देते, एवढेच.

आपल्या लिपीतील नाव

पुष्कळ काळपर्यंत ही नावे केवळ रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ ह्यांतच लिहिता येत. २०१४ साली देवनागरीतील ‘.भारत’ हा शेवट लोकांसाठी खुला झाला. त्याखाली मराठी व कोकणी नावेही घेता येतात. गंमत अशी, की पाठीमागची व्यवस्था अजून रोमनच आहे. ‘भारत’ हा शब्द वाटेत ‘एक्सएन’, मग दोन जोडरेघा, आणि मग ‘एच२बीआरजे९सी’ असा वेष घेऊन जातो. म्हणून कधी ‘एक्सएन’ने आरंभ होणारे नाव दिसले, तर ते दुसऱ्या लिपीतून आलेले आहे असे ओळखावे. ते आपल्या मराठीचे असू शकेल. अथवा परक्या लिपीतील सारखी दिसणारी अक्षरे जोडून कोणी केलेले सोंगही असू शकेल. कोणते ते तपासून पाहावे.

मित्रहो, पूर्वी घरात पत्र आले की ते वाचून दाखविण्याचे काम शिकलेल्या मुलाकडे असे. आज निरोप वाचता सर्वांनाच येतो. परंतु तो कोणाकडून आला हे पारखणे पुष्कळ वडीलधाऱ्यांना जमत नाही. ते काम आता तुमचे आहे. सुट्टीत घरी बसाल तेव्हा ह्या आज्ञा एकेकदा देऊन पाहा, आणि आजी-आजोबांना शेजारी बसवून निदान एवढे तरी शिकवा: नाव शेवटाकडून वाचावे, आणि कोणी घाई केली तर आपण सावकाश व्हावे.